शेवग्यातला बाण

"बाण म्हणजे आपला तो धनुष्याचा बाण?" चौकीतल्या हवालदारांनी विचारलं.

"हो. धनुष्याचा."

"मग टोचत असणार."

"टोचायलाच असतो तो."

हवालदारांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग ते हत्यार झालं की गुरुजी."

"तेच विचारायला आलोय. घरामागच्या अंगणात त्याचा सराव केला तर चालतो का? कायद्यात त्याबद्दल काही म्हटलंय का?"

"तुमचं वय काय?"

"माझं वय कशाला? मी नाही मारत बाण. शेजारची मुलगी मारते. सातवीत आहे."

"मग तिला आणायची."

"तिची परीक्षा चालू आहे."

आतल्या खोलीतून साहेबांचा आवाज आला, "कुणाला लागलाय का रे?"

"न्हाय साहेब, लागला न्हाय अजून."

"मग लागल्यावर या म्हणावं."

"लागल्यावर या म्हणतायत," हवालदारांनी मला सांगितलं, जणू मधल्या भिंतीमुळे मला काही ऐकूच आलं नव्हतं.

मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथी शिकवली. 'ळ' काढताना पाटी फोडणारी मुलं पाहिली, पाढे म्हणता म्हणता झोपणारी पाहिली. मुलांना तीच गोष्ट दहादा सांगायचा मला कधी कंटाळा आला नाही. मोठ्यांना दुसऱ्यांदा सांगावी लागली की मात्र माझं डोकं दुखायला लागतं, आणि त्या एप्रिलमध्ये ते रोज दुखत होतं.

आमच्या वनश्री सोसायटीत सगळी बैठी घरं. प्रत्येक घराला पुढे दोन झाडांची जागा आणि मागे थोडं अंगण. माझ्या मागच्या अंगणाला लागून सुभेदार निकमांचं अंगण होतं. त्यांचा प्लॉट कोपऱ्यावरचा, त्यामुळे अंगण चांगलं लांबलचक. दोन्ही अंगणांच्या मधे माझ्या डोक्याहून उंच भिंत. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन आले होते. त्यांची मुलगी तेजल तालुक्याच्या मैदानावर तिरंदाजी शिकायची. शिकवणारे सर म्हणायचे, ही मुलगी राज्याच्या संघात जाईल. मे महिन्यात निवड चाचणी होती आणि मार्चमध्ये मैदानावर धावपट्टीसाठी मुरमाचे ढीग येऊन पडले. ते कधी पसरणार हे मुरूम टाकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मग सुभेदारांनी घरामागेच टार्गेट लावलं, आणि आठवड्याच्या आत सोसायटीची नोटीस त्यांच्या दारावर लागली. सराव ताबडतोब बंद करावा.

तेजल तिसरीत असल्यापासून माझ्याकडे गणित शिकायला यायची. नोटीस लागली त्या संध्याकाळी ती आली, अपूर्णांकाची पाच उदाहरणं ओळीनं चुकवली आणि वही मिटून बसून राहिली. मीच म्हणालो, "मी बघतो काय करता येतं ते."

"'बघतो' म्हणायची सवय गेली नाही तुमची," कमल, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली. "निकमभावजींना पाय आहेत. त्यांनी जावं की कचेऱ्यांत."

"ते गेले तर भांडण करून येतील."

"आणि तुम्ही गेलात तर चहा पिऊन याल."

चहासुद्धा मिळाला नाही. चौकीतून मी बांधकाम परवानगीच्या कार्यालयात गेलो, कारण हवालदारांचं म्हणणं पडलं की जागेचा विषय तिकडचा. तिथल्या बाईंनी विचारलं, "टार्गेट कायमस्वरूपी आहे का तात्पुरतं?"

"लाकडी तिवईवर ठेवलेलं आहे."

"पाया घेतलाय?"

"तिवईला?"

"पाया नसेल तर आमच्याकडे येत नाही ते. पाया घेतला तर अर्ज करा."

"म्हणजे पाया घ्यायचा का?"

"मी कशी सांगणार? तुमचं टार्गेट."

क्रीडा कार्यालयातल्या तरुण अधिकाऱ्यानं खुर्ची तरी दिली. तो म्हणाला, "सर, सराव मैदानावरच करावा, असं आमचं मत आहे."

"मैदानावर मुरूम आहे."

"तो आम्हीच टाकलाय."

"मग मुलीनं काय करायचं?"

"घरी केला तर आमची हरकत नाही. पण आम्ही हो म्हणालो असं कुठं बोलू नका."

इतक्या ठिकाणी फिरलो, आणि एकाही माणसानं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

शेवटी उरली सोसायटीची सभा. अध्यक्ष होते वाळिंबेसाहेब, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. शनिवारी संध्याकाळी सगळे निकमांच्याच पुढच्या व्हरांड्यात जमले, कारण खुर्च्या त्यांच्याकडे जास्त होत्या. तेजल चहा देत फिरत होती.

"माझ्या कुरडया असतात गच्चीवर," शेवाळेबाईंनी सुरुवात केली. त्यांचं घर निकमांच्या डावीकडे.

"ताई, टार्गेट मागच्या भिंतीकडे आहे. तुमची गच्ची बाजूला आहे," मी म्हणालो.

"वाऱ्यानं वळला तर?"

"बाण इतका वळत नाही."

"तुम्ही मारून बघितलाय?"

वाळिंबेंनी हात वर केला. "माझा मुद्दा वेगळा आहे. परवानगी दिली तर ठरावात धनुष्यबाण हा शब्द येणार. धनुष्यबाण म्हटलं की लोकांना निवडणूक आठवते. उद्या कुणी म्हणेल, सोसायटीनं पाठिंबा दिला."

"मग तिरंदाजी लिहा."

"तिरंदाजी. हां. ते चालेल." त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

सुभेदार इतका वेळ ताठ बसून होते. त्यांना राग आला की ते आणखी ताठ व्हायचे. "गुरुजी, मी बोलू का?" ते म्हणाले. "अर्धी नोकरी मी फायरिंग रेंजवर काढली. माझ्या रेंजवर एका माणसाला खरचटलंसुद्धा नाही. आता तुम्ही मला कुरडया शिकवणार?"

"कुणी शिकवत नाही, सुभेदार. अटी घालू या. अटी असल्या की सगळ्यांना बरं वाटतं."

मी घरूनच अटी मनाशी जुळवून आणल्या होत्या. सराव सकाळी उजाडल्यावर, शाळेच्या आधी. टार्गेटमागे भिंतीपेक्षा उंच पेंढ्याच्या गासड्या. त्या वेळात माझ्या अंगणात कुणी येणार नाही. माझा उन्हाळी वर्ग तसाही दुपारनंतर, मागच्या शेवग्याच्या सावलीत भरायचा, आणि रविवारी सुट्टी. बाण मारण्यापूर्वी सुभेदारांनी शिट्टी द्यायची. वाळिंबेंनी प्रत्येक अटीवर मान डोलावली. कुरडयांसाठी शेवाळेबाईंना निकमांच्याच गच्चीची पुढची बाजू मिळाली. अंधार पडायच्या आत ठराव झाला.

मला इतका आनंद झाला की मी तेजलला हाक मारून सांगितलं, "झालं ग बाळ. मिळाली परवानगी. आता चाचणीपर्यंत रोज मार."

तिच्या हातात रिकाम्या कपांचा ट्रे होता. "हो गुरुजी," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "उद्या वर्ग नाही ना?"

"रविवार आहे. नाही."

"आजी सकाळी मागे येतात का?"

"ती पूजेला बसते. का ग?"

"काही नाही." आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होतो. भिंतीपलीकडे शिट्टी वाजली. दोरीचा आवाज, ठप्प. मग सुभेदारांचा आवाज, "आठ. वर गेला." पुन्हा दोरी, ठप्प, "आठ. वर." नोटीस लागण्याआधीच्या दिवसांत हे सगळं मला पाठ झालं होतं. तिसऱ्यांदा दोरी वाजली आणि ठप्प झालं ते भिंतीच्या अलीकडे, आमच्या अंगणात.

मी गाळणं तसंच टाकून बाहेर आलो. अंगणात काही नव्हतं. मग वर बघितलं. शेवग्याच्या खोडात, माझा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, बाण रुतला होता आणि त्याची पिसं अजून थरथरत होती.

"अहो, काय झालं?" कमल हातात निरांजन घेऊन दारात आली.

"परवानगी गेली," मी म्हणालो.

मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. चार दारं फिरून, कुरडयांची समजूत घालून आदल्या संध्याकाळी मिळवलेली गोष्ट चहा गाळायच्या आत गेली. मी न्हाणीघरामागची शिडी ओढत आणली, शेवग्याला टेकवली आणि चढलो. गुडघे कुरकुरत होते. बाणाला हात घातला तेव्हा माझ्या लक्षात आलं की शेवग्याचं खोड तिथे माझ्या मांडीएवढंही जाड नाही. त्याच्या डावीकडे मोकळी हवा, उजवीकडे मोकळी हवा. निसटलेला बाण नेमका खोडात कसा सापडला, असं मनात येतंय तोवर माझी नजर भिंतीपलीकडे गेली. त्या भिंतीपलीकडचं अंगण मी वरून कधी पाहिलंच नव्हतं.

भिंतीला लागून गासड्या होत्या, सांगितल्याप्रमाणे. गासड्यांपुढे तिवईवर टार्गेट. आणि टार्गेटच्या खाली जमिनीत एक खड्डा होता. खड्ड्याच्या काठाला वाळूची पोती लावलेली, आणि पोत्यांच्या मागे, खड्ड्यात उकिडवे बसलेले सुभेदार निकम. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, गळ्यात शिट्टी, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला पत्र्याची गोल चकती. टार्गेटची खालची कड त्यांच्या हेल्मेटच्या वीतभर वर होती.

लांब दुसऱ्या टोकाला तेजल उभी होती. धनुष्य खाली केलेलं. ती वडिलांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"सुभेदार," मी शिडीवरून म्हणालो, "तुम्ही तिथं काय करताय?"

त्यांनी हेल्मेटसकट मान वर केली. "बट ड्युटी."

"म्हणजे?"

"रेंजवर टार्गेटच्या जागेला बट म्हणतात, गुरुजी. तिथं खंदकात माणसं बसतात. गोळी कुठं लागली ते काठीनं दाखवायचं. फायर करणाऱ्याला चालत यावं लागत नाही, वेळ वाचतो. आम्ही तिथं बसून डबे खायचो. गोळ्या वरून जायच्या."

"तिथला खंदक केवढा असायचा?"

"पुरुषभर. वर आणखी मातीचा बांध."

"आणि हा?"

सुभेदारांनी खड्ड्याकडे बघितलं. "कमरेला आलो आणि ड्रेनेजची पाइप लागली. म्हणून हेल्मेट घालतो."

"काल सभेत हे का नाही बोललात?"

"कुणी विचारलं नाही."

ते खरं होतं. हवालदारांनी वय विचारलं, बाईंनी पाया विचारला, सभेत कुरडया आणि निवडणूक झाली, आणि अटी घालणारा मीसुद्धा भिंतीच्या माझ्या बाजूचाच विचार करत बसलो होतो. बाण जिथे जाऊन लागतो तिथे कोण असतं, हे एकाही तोंडातून निघालं नव्हतं.

मी बाण उपटून खाली उतरलो तोवर वाळिंबे आमच्या फाटकात हजर होते. शेवाळेबाईंना गच्चीवरून शिडी दिसली होती.

"इंगवले, निसटला म्हणे बाण."

"शेवग्यात गेला."

"आज शेवग्यात, उद्या माणसात. संध्याकाळी पुन्हा बसू. ठराव मागे घ्यावा लागेल. मला खरं म्हणजे कालच वाटत होतं, तिरंदाजी हा शब्दसुद्धा जपून वापरायला हवा होता."

"बघू संध्याकाळी."

"तुमच्या घराकडे आला म्हणून बरं. दुसऱ्याकडे गेला असता तर बोंब झाली असती."

त्यांना खड्ड्याचं सांगावं की नाही, मला कळेना. सांगितलं तर सराव त्या क्षणी बंद, आणि चाचणी गेली. नाही सांगितलं तर संध्याकाळी बंद, आणि चाचणी गेलीच. आणि चुकून बंद नाही झाला, तर उद्या सकाळी सुभेदार पुन्हा त्या खड्ड्यात. मी दुपारभर येरझाऱ्या घालत होतो. कमल म्हणाली, "बसा तरी एका जागी, नाहीतर तुम्हीच धावपट्टी तयार कराल."

दुपार कलल्यावर तेजल आली. वडिलांनी माफी मागायला पाठवलं होतं. ती दारात सावधान उभी राहिली, हात मांड्यांना चिकटवून.

"गुरुजी, माझ्या चुकीमुळे बाण तुमच्या हद्दीत आला. मी दिलगीर आहे."

"हे बाबांनी पाठ करून घेतलं?"

"हो."

"बस."

ती पाटावर बसली. मी तिच्यासमोर बाण ठेवला.

"तू कधी टार्गेट सोडून मारलायस याआधी?"

"नाही."

"गासड्यांत गेलाय कधी?"

"नाही."

"आज एकदम भिंतीवरून गेला. आणि गेला तो मांडीएवढ्या खोडात. मी गणिताचा मास्तर आहे, तेजल. ही माझी उत्तरपत्रिका असती तर मी म्हणालो असतो, उत्तर बरोबर आलंय, रीत दाखव."

ती बाणाच्या पिसांवरून बोट फिरवत राहिली.

"मी तुझ्यासाठी कुठं कुठं फिरलो, ठाऊक आहे ना? लागल्यावर या, असं ऐकून आलो. काल कुठं ती परवानगी मिळाली."

"म्हणूनच," ती म्हणाली.

"म्हणूनच काय?"

"नोटीस लागली तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाटलं, आता बंद होईल. मग तुम्ही परवानगी आणली."

कमल आतून पाणी घेऊन येत होती, ती तिथेच थांबली.

"मला बाबांचं हेल्मेट दिसतं," तेजल म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, उदाहरणातली दिलेली माहिती वाचल्यासारखा. "मधल्या पिवळ्यावर नेम धरला की खाली लाल हेल्मेट दिसतं. म्हणून मी वर धरते. मुद्दाम. रोज दहाऐवजी आठ येतात, नाहीतर सात. सरांना आकडे सांगितले की म्हणतात, तुझा नेम बिघडलाय, वर का जातेस. मी काय सांगू? खाली गेला तर?"

"बाबांना सांगितलंस का?"

"सांगितलं. ते म्हणाले, घाबरू नको, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

"मग?"

"त्यांचा आहे," ती म्हणाली. "माझा नाही."

कमलनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या त्या नजरेचा अर्थ मला सांगावा लागत नाही. मी चपला घातल्या.

"चल," मी तेजलला म्हणालो.

"कुठं? गुरुजी, बाबांना सांगू नका. त्यांना वाटेल मी त्यांना..."

"मी काही सांगणार नाही. तू नुसती उभी राहा."

सुभेदार अंगणात पोती सारखी करत होते. पेंढ्याच्या आणखी दोन गासड्या त्यांनी वर चढवल्या होत्या. "बघा गुरुजी, आता हत्ती गेला तरी पलीकडे जाणार नाही. संध्याकाळी हे सगळ्यांना दाखवतो."

"उत्तम. मला जरा हेल्मेट द्या."

"काय?"

"हेल्मेट. तुमची ती बट ड्युटी मला करून बघायची आहे."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मी पोत्यावर बसलो, एक पाय खड्ड्यात सोडला, मग दुसरा. कमल आमच्या मागोमाग आली होती.

"उतराल खरं," ती म्हणाली, "वर कोण काढणार?"

"सुभेदार आहेत."

मी खाली उकिडवा बसलो. पाइप पोटरीला टोचत होती. वर टार्गेटची कड दिसत होती, आणि पोत्यांच्या फटीतून लांब उभी असलेली तेजल, करंगळीएवढी. हेल्मेटला घामाचा वास होता.

"हं. शिट्टी द्या," मी म्हणालो.

"गुरुजी, बाहेर या."

"का? तुम्ही रोज बसता."

"मी फौजी माणूस आहे."

"बाणाला ते कसं कळणार?"

"तुम्हाला सवय नाही. मान वर कराल."

"नाही करणार. तुमचा मुलीवर विश्वास आहे ना?"

"आहे. पूर्ण आहे."

"माझाही आहे. मग द्या शिट्टी."

सुभेदारांचा हात शिट्टीकडे गेला, पण तोंडापर्यंत आला नाही. ते तेजलकडे वळले. "धनुष्य खाली ठेव," ते जोरात म्हणाले. तिनं ते उचललंच नव्हतं. तिचे दोन्ही हात मागे होते.

"गुरुजी, हट्ट करू नका. या वर."

"एकच बाण मारू दे. मग येतो."

"नाही म्हणतोय ना मी." त्यांचा आवाज चढला. "अहो, तुम्हाला काही झालं तर ती पोर जन्मभर..."

वाक्य तिथेच थांबलं.

शेवाळेबाई गच्चीवर कुरडया उचलत होत्या, त्यांच्या ताटांचा आवाज तेवढा येत होता. मी खाली बसल्या बसल्या सुभेदारांच्या बुटांकडे बघत होतो. बूट बराच वेळ हलले नाहीत. मग ते वाकले आणि दोन्ही हात माझ्या काखेत घालून त्यांनी मला वर काढलं. माझ्या डोक्यावरचं हेल्मेट त्यांनी स्वतः सोडवलं. पट्टा सुटायला वेळ लागला.

"तेजल," ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "सकाळचा बाण."

"हो बाबा."

"निसटला नव्हता."

"नाही."

"मला सांगायचं."

"सांगितलं होतं. दोनदा."

त्यांनी मान हलवली. आठवत होतं त्यांना. ते पोत्यावर बसले आणि हेल्मेट गुडघ्यावर ठेवून त्यावरची माती पुसत राहिले, आणि ती पुसून झाली तरी पुसत राहिले.

"गुरुजी, सभा किती वाजता?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"दिवेलागणीला."

"मी बोलतो. तुम्ही मधे पडू नका."

सभेत वाळिंबेंनी ठराव मागे घेण्याचा प्रस्ताव वाचला. तो वाचून होईपर्यंत सुभेदार थांबले, मग उभे राहिले.

"बाण माझ्यामुळे गेला," ते म्हणाले. "टार्गेटखाली खड्डा खणून मी त्यात बसत होतो. मुलीला भीती वाटत होती. मी ऐकलं नाही. रेंज सुरक्षित नव्हती आणि मी इथं सगळ्यांसमोर सुरक्षित आहे म्हणालो. खड्डा मी आत्ता बुजवून आलोय."

"टार्गेटखाली?" शेवाळेबाई म्हणाल्या. "अगं बाई. डोक्यावरून?"

"हो."

वाळिंबेंनी चष्मा काढला. "मग तर बंदच केलं पाहिजे, निकम."

"माझी परवानगी बंद करा. तिच्या नावावर द्या."

"कुणाच्या?"

"तेजलच्या. शिट्टी तिच्याकडे राहील. कुठं कोण उभं राहायचं, कधी मारायचं, कधी थांबायचं, ते ती सांगणार. मी धरून सगळ्यांनी ऐकायचं. गुरुजींच्या बाकीच्या अटी तशाच."

"अहो, सातवीतल्या मुलीच्या नावावर सोसायटीचा ठराव? कुठल्या नियमात बसतो हा?"

"साहेब," मी म्हणालो. मधे पडू नका असं सांगितलं होतं, पण राहवलं नाही. "पंधरा दिवस मी नियम शोधत फिरतोय. कुठंच काही बसत नाही. या सगळ्या प्रकरणात धोका कुठं आहे हे एकाच माणसाला दिसलं होतं, आणि ती चहाचे कप घेऊन उभी आहे. झाड माझं आहे, बाण माझ्या झाडात गेला, आणि माझी तक्रार नाही."

वाळिंबे बराच वेळ चष्मा पुसत होते. शेवटी शेवाळेबाईच वैतागून म्हणाल्या, "लिहा हो साहेब. भाकऱ्या व्हायच्यात अजून."

त्या वर्षी तेजलची निवड झाली नाही. वर धरायची सवय जायला वेळ लागला. त्यानंतरच्या वर्षी झाली, आणि त्याच्या पुढच्याही. पण मला त्या सगळ्यापेक्षा सभेनंतरची सोमवारची सकाळ आठवते. मी अंगणात जाणार नव्हतो, अट माझीच होती. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होतो. भिंतीपलीकडे शिट्टी वाजली, जरा बारीक, फुंकणाऱ्याला सवय नसल्यासारखी. मग काहीच झालं नाही. दोरी वाजली नाही.

"बाबा, पाय," तेजलचा आवाज आला.

"काय झालं पायाला?"

"मी आखलेल्या रेषेच्या पुढे आलाय."

"बोटभर आलाय."

"मागे घ्या. मी थांबलेय."

बूट मातीत घासल्याचा आवाज आला.

"घेतला," सुभेदार म्हणाले.

मग दोरी वाजली.